राजाचा दरवाजा कोणी उघडला?

वाचनालयात कुणी राजाचं पुस्तक मागितलं की मी आधी एकच विचारायची, "इतिहास हवाय की कादंबरी?" दहातले नऊ जण क्षणभर गोंधळायचे आणि म्हणायचे, "मॅडम, खरी गोष्ट द्या."

आता 'खरी गोष्ट' कुठल्या कपाटात असते, हे ग्रंथपालाला नोकरीभर उमगत नाही. इतिहास उत्तरेच्या भिंतीला, कादंबऱ्या दक्षिणेच्या भिंतीला, मधे वर्तमानपत्रांचं टेबल आणि त्यावर डोळे मिटून 'वाचत' बसलेले पेन्शनर. अशी आमची जळगावातल्या वाचनालयाची मांडणी. मी तिथं नोकरीला लागले तेव्हा वाटलं होतं, हे दोन भिंतींचं काम सोपं असणार. पुस्तक आलं, पाहिलं, खरं असेल तर उत्तरेला, रचलेलं असेल तर दक्षिणेला. पण राजा नावाचा प्राणी असा की तो एका भिंतीवर बसतच नाही. त्याचा जन्म उत्तरेला असतो, त्याचा घोडा दक्षिणेला. लढाई उत्तरेला, आणि लढाईच्या आदल्या संध्याकाळी राणीशी झालेलं बोलणं हमखास दक्षिणेला. वाचकाला मात्र चारही गोष्टी एकत्र हव्या असतात.

रावेरकडचे एक केळीबागायतदार दर पंधरवड्याला यायचे. ऐतिहासिक कादंबऱ्या न्यायचे आणि समासात पेन्सिलीनं 'खोटं' असं लिहून परत आणायचे. मी एकदा म्हटलं, "काका, एवढं खोटं वाटतं तर इतिहास घेऊन जा ना." त्यांनी इतिहास नेला आणि चारच दिवसांत परत आणला. म्हणाले, "यात खोटं काही सापडलं नाही, पण झोप फार आली." त्यानंतर ते पुन्हा दक्षिणेच्या भिंतीला गेले आणि त्यांची पेन्सिल सुखानं चालू राहिली. दुसऱ्या एक शिक्षिकाबाई. त्यांनी एका राजाचं चांगलं जाडजूड चरित्र काउंटरवर ठेवलं आणि विचारलं, "याचा शेवट फार वाईट आहे हो. दुसरा शेवट असलेलं आहे का?" तेव्हा मी तोंडावर हात ठेवून हसले होते. पुढं मात्र मलाच एका राजासाठी दुसरा शेवट शोधत शिरपूरपासून दोंडाईच्यापर्यंत फिरावं लागलं, तेव्हा त्या बाईंची माफी मागावीशी वाटली.

ती हकीकत अशी.

निवृत्तीला थोडी वर्षं राहिली होती. वर्षा नावाची एक मुलगी वाचनालयाची सभासद झाली. शहरातल्या एका दवाखान्यात परिचारिका होती, पिंप्राळ्यात मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. मीही पिंप्राळ्यातलीच, त्यामुळे तिची स्कूटी आणि माझी रिक्षा सकाळी पुष्कळदा शेजारी शेजारी अडकायची. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "मॅडम, गवळी राजावर काय काय आहे?"

"कुठल्या गवळी राजावर?"

"कुठल्या म्हणजे? आमच्या!"

खानदेशाबाहेरच्यांसाठी इथं थोडं सांगायला हवं. आमच्याकडं जुनी विहीर, पडकी गढी, दगडी देऊळ, काहीही दिसलं आणि बांधणाऱ्याचं नाव विसरलं गेलं असलं, की लोक म्हणतात, गवळी राजानं बांधलं. काही अभ्यासक या आठवणीची नाळ आभीर राजांशी जोडतात, काही देवगिरीच्या यादवांच्या काळाशी. पण गावोगावचा गवळी राजा वेगळा, आणि प्रत्येक गावाला वाटतं, खरा तो आपलाच. वर्षाचं गाव शिरपूरच्या पलीकडं, सातपुड्याच्या पायथ्याशी. त्याला मी इथं गढीखेडे म्हणते. नाल्यापलीकडच्या गावाला धामोडे म्हणते. दोन्ही नावं मी बदलली आहेत. फक्त यमक बिघडणार नाही एवढी काळजी घेतली आहे. ती का, ते पुढं येईलच.

मी तिला जे होतं ते काढून दिलं. आधी दक्षिणेच्या भिंतीवरच्या दोन कादंबऱ्या. त्या तिनं उभ्या उभ्याच चाळल्या आणि परत केल्या. "हे नको. कोर्टात चालेल असं काहीतरी द्या."

मी चष्मा काढून तिच्याकडं पाहिलं. वाचक असं बोलला की पुस्तकाचा नाही, घरातला प्रश्न असतो, हे या धंद्यात लवकर कळतं. मी तिला आतल्या खोलीत नेलं, चहा मागवला. मग तिनं सांगितलं.

गढीखेड्याच्या राजाला वेढा पडला होता. गढी पडत नव्हती. तेव्हा धामोड्याच्या माणसानं फितुरी करून पहाटे दरवाजा उघडला आणि राजा दारातच मारला गेला. म्हणून गढीखेडे आणि धामोडे यांच्यात सोयरीक होत नाही. दोन्ही गावांचा बाजार एक, शाळा एक, कापसाच्या गाड्या एकाच जिनिंगला जातात, क्रिकेटचे सामने होतात, जातही एकच. पण लेक द्यायची नाही आणि आणायचीही नाही. "शेकडो वर्षांची रीत आहे," वर्षा म्हणाली. "आणि योगेश धामोड्याचा आहे."

योगेश जळगावातच एका कारखान्यात फिटर होता. दोघांच्या घरी बाकी कशालाच हरकत नव्हती. हरकत होती ती फक्त त्या राजाची, आणि राजाच्या वतीनं वर्षाच्या आजोबांची. भिला आबा त्यांचं नाव. गावात त्यांचा शब्द मोडायची पद्धत नव्हती.

"मला फक्त एवढं दाखवायचंय की असं झालंच नव्हतं," वर्षा म्हणाली. "नाहीतर मी आबांशी भांडून लग्न करीन. पण मला भांडून करायचं नाही. त्यांनीच मला लहानाचं मोठं केलंय."

मग तिच्या सुटीच्या दुपारी आम्ही दोघी वाचायला बसू लागलो. मी आयुष्यात पुष्कळ वाचक पाहिले, पण एवढ्या पोटतिडकीनं शिलालेखांच्या याद्या वाचणारी दुसरी पाहिली नाही. इंग्रजी अमदानीत लिहिलेल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथात गढीखेडे सापडलं तेव्हा ती ओरडलीच, आणि पेन्शनर जागे झाले. पण तिथं होत्या दोनच ओळी. गावाजवळ एक पडकी गढी आहे, बारव आहे, लोक ती गवळी राजाची मानतात. संपलं. राजाचं नाव नाही, वेढा नाही, फितुरी नाही.

"म्हणजे झालंच नाही!" वर्षा म्हणाली.

मला तिचा उत्साह मोडवेना, पण धंद्याचा धर्म असतो. मी म्हटलं, "पुस्तकात नाही याचा अर्थ घडलं नाही असा होत नाही. लिहिणाऱ्या साहेबानं गढीकडं घोड्यावरून नुसतं पाहिलं असेल. तुझ्या आबांना हे दाखवलंस तर ते म्हणतील, साहेबाला काय माहीत?"

तिनं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "मॅडम, तुम्हीच एकदा आबांकडं चला ना. तुम्ही विचाराल तसं मला विचारता येत नाही. मी विचारलं की ते नात म्हणून ऐकतात."

खरं सांगायचं तर मला मोह झाला. इतकी वर्षं राजे कागदावर हाताळले होते; एखादा प्रत्यक्ष पाहावा असं वाटलं. थंडीचे दिवस होते. चोपड्यावरून शिरपूर, तिथून पुढं वडापच्या जीपनं, अशी मी वर्षाबरोबर गढीखेड्याला गेले.

भिला आबा ओट्यावर बसले होते. उंच, ताठ, मिशा अजून काळ्या ठेवलेल्या. येणारा जाणारा त्यांना 'राजे' म्हणत होता. "राजे, पाणी सोडं का?" "राजे, उद्या बाजारले येतस का?" मला वाटलं, गावाच्या मानाचं काही असेल. आबांनी मला बसायला खाट दिली, पाणी आलं, आणि मी गढीबद्दल विचारताच ते उभे राहिले. अक्षरशः उभे राहिले. उपरणं खांद्यावर नीट घेतलं, आवाज पोटातून काढला आणि ओट्यावरूनच सगळा वेढा मला ऐकवला. शत्रूचे तंबू, बुरुजावरचा पहारा, पहाटेचा घात. आणि शेवटी हात आभाळाकडं करून:

"राजाचे रोखले घोडे, फितूर झाले धामोडे!"

अंगावर काटा आला. पण त्या काट्याबरोबरच माझ्यातली ग्रंथपाल जागी झाली. शेकडो वर्षं तोंडोतोंडी आलेली हकीकत अशी घोटीव नसते, तिला कुठं ना कुठं अडखळण्याच्या जागा असतात. ही तर तालमीत बसवलेली होती. शिवाय आबा एरवी अहिराणी बोलत होते आणि राजा मात्र शुद्ध पुस्तकी मराठी बोलत होता.

मी विचारलं, "आबा, हे कुणी लिहिलं?"

"लिखाना काय संबंध, अक्का? हाई घडेल शे. बठ्ठा मुलुखले माहीत शे." ते बसले. "म्हनीसन सांगस, धामोडेले पोर कधी दिनी नही, देवानी बी नही."

वर्षा खाली मान घालून आत गेली. मीही जेवायच्या निमित्तानं तिच्या मागोमाग गेले. वर्षाची आई, विमलताई, चुलीवर वांगी भाजत होती. भरिताचा वास घरभर होता. ती सासऱ्यांपुढं पदर नीट घेणारी, कमी बोलणारी बाई. माझ्या ताटात कळण्याची भाकरी वाढता वाढता तिनं हळूच सांगितलं, "मॅडम, मामंजी नाटकात राजा व्हायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा जत्रेला दरवर्षी ते नाटक असायचं. पुढं बंद पडलं. तो राजाचा अंगरखा अजून पेटीत आहे. दोंडाईच्याच्या रशीद मास्तरांनी शिवलेला."

"आणि नाटक कुणी लिहिलेलं?"

"ते मला नाही माहीत. पण मास्तर तालमीला यायचे, एवढं आठवतं."

वर्षाच्या हातातला घास हातातच राहिला.

पुढच्या सुटीला आम्ही दोघी रेल्वेनं दोंडाईच्याला गेलो. या वेळी योगेशही आला. लाजाळू मुलगा, खिडकीशी बसून सगळा वेळ शेंगा सोलून आम्हाला देत होता. रशीद मास्तरांचं दुकान बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत. दुकान आता मुलगा पाहायचा, मास्तर दारात खुर्ची टाकून काजं करत बसले होते. गढीखेड्याचं नाव काढताच त्यांचा चेहरा उजळला.

"भिला पाटील आहे का अजून? वा! काय आवाज होता! छातीचं माप घेताना फीत कमी पडायची."

मी विचारलं, "मास्तर, ते नाटक कुणाचं?"

"माझंच की. दुसऱ्या कुणाचं असणार?" मास्तर हसले. "त्याचं असं झालं, बेटा. एका नाटक कंपनीनं राजाचा अंगरखा शिवायला टाकला आणि कंपनीच बुडाली. जरीचा अंगरखा माझ्या अंगावर पडला. गढीखेड्याची पोरं जत्रेसाठी काही कपडे मिळतील का म्हणून आली. मी म्हटलं, राजाचे आहेत. ती म्हणाली, पण आमच्याकडं राजाचं नाटक नाही. मग मी लिहिलं. आधी अंगरखा शिवला, मग राजा लिहिला."

"आणि फितुरी?" वर्षानं विचारलं.

"ती तर दरवाज्यामुळं." मास्तर आता रंगात आले होते. "गढीचा दरवाजा म्हणून कुणाच्या तरी गोठ्याचं दार उभं केलं होतं. ते दर तालमीला मधेच उघडायचं. कितीही अडकवा, राजा भाषणाला उभा राहिला की दार कर्रर करून उघडायचं आणि पब्लिक हसायचं. मी म्हटलं, आता याचं काहीतरी कारण लिहिलंच पाहिजे. कुणीतरी फितूर झाला, त्यानं दार उघडलं. बस्स. दार उघडलं की पब्लिक हसायच्या ऐवजी रडायला लागलं."

"पण धामोड्याचाच माणूस का?" हे योगेशनं विचारलं.

"घोडे," मास्तर म्हणाले. "मागची ओळ घोड्यांवर संपत होती. घोडेला धामोडे बसलं. दुसरं कुठलं गाव बसेना."

आम्ही तिघंही हसलो नाही. मास्तरांना काही कळेना. मग योगेशनं, शांतपणे, कुणाला दोष न देता, सगळं सांगितलं. मास्तरांनी हातातली सुई खाली ठेवली. "तौबा," ते म्हणाले. "माझ्या यमकामुळं पोरांची लग्नं अडली? चला. आत्ता चला. मी सांगतो भिलाला."

मला हे प्रकरण तिथंच सुटलं असं वाटलं. माझ्या धंद्यात तसंच असतं. मूळ सापडलं की काम झालं, पुस्तक योग्य भिंतीला लावायचं आणि हात झटकायचे. पण माणूस म्हणजे पुस्तक नव्हे, हे मला गढीखेड्यात कळलं.

आबांनी मास्तरांना कडकडून मिठी मारली. दोघांच्या डोळ्यांत पाणी होतं. ओट्यावर माणसं जमली. मग मास्तरांनी सगळ्यांदेखत सांगितलं, फितुरी माझी, यमक माझं, धामोडेवाल्यांचा काही दोष नाही. लोक हसायला लागले. कुणाचाच विश्वास बसला नाही. आबा तर समजावणीच्या सुरात म्हणाले, "मास्तर, लिखं तुम्हीन. पन तुमले सांगं कोनी? राजानीच सांगं."

"अरे भिला, मला गोठ्याच्या दारानं सांगितलं!"

आणखी हशा. पण मास्तर हटले नाहीत. दाराची सगळी हकीकत, कुणाचा गोठा, कुठली कडी, सारं त्यांनी सांगितलं. तेव्हा जमलेल्यांतले दोघं-तिघं म्हातारे गप्प झाले. त्यांना ते दार आठवलं. हळूहळू हसू ओसरलं आणि सगळे आबांकडं पाहायला लागले.

आबांनी खांद्यावरचं उपरणं काढून मांडीवर ठेवलं. मग एवढंच म्हणाले, "म्हंजे मी इतला वरीस खोटा राजा व्हतू का?"

ते उठले आणि गढीकडं चालू लागले.

मी निघताना विजयी मनानं निघाले होते, आता कुठं पाहावं कळेना. आम्हाला एक लग्न जुळवायचं होतं. त्यासाठी एका माणसाच्या अंगावरचा अंगरखा आम्ही भर ओट्यावर काढून घेतला होता. वर्षा रडत होती. "नको मला काही," ती म्हणाली. "त्यांना परत आणा फक्त."

मास्तर आबांच्या मागं गेले. मी थोडं अंतर ठेवून गेले. गढी म्हणजे आता एक टेकाड, त्यावर दरवाज्याची दगडी चौकट तेवढी उभी. तिच्या सावलीत दोघं म्हातारे बसले. पुष्कळ वेळानं मास्तरांचा आवाज आला. "भिला, कपडा चांगला आहे. मापही बरोबर. एक शिवण चुकली माझी. ती उसवतो आणि पुन्हा घालतो. घालशील का अंगात?"

परत आले तेव्हा आबा मास्तरांचा हात धरून चालत होते.

अशा रीतीनं बंद पडलेलं नाटक पुन्हा उभं राहिलं. जत्रेला थोडे महिने होते. मास्तरांनी शेवटचा प्रवेश नव्यानं लिहिला. त्यात दरवाजा उघडणारा एक परगावचा फिरता बैरागी होता, कुठल्याही गावाचा नसलेला. त्यावर कुणाचीच तक्रार होण्याचं कारण नव्हतं. मी जळगावहून अधूनमधून जायची. कारण सांगायची, मजकूर तपासते. खरं म्हणजे तालीम पाहायला जायची. पेटीतला अंगरखा बाहेर आला. आबांच्या अंगात तो सैल होत होता. मास्तर तो दातांत सुई धरून आत घेत होते आणि आबा आरशासमोर मिशा पिळत होते. लग्नाचा विषय कुणी काढत नव्हतं. आबाही नाही.

जत्रेच्या दिवशी धामोड्याला निमंत्रण गेलं. पूर्वी नाटक व्हायचं तेव्हा धामोडेवाले जत्रेला यायचे, जिलबी खायचे, पाळण्यात बसायचे, पण नाटक सुरू व्हायच्या आत घरी जायचे. आपल्याला शिव्या पडणार तिथं कोण थांबेल? या वेळी ते थांबले. मागं, पटांगणाच्या कडेला, उठून जाता येईल असे. योगेशचे वडील हाताची घडी घालून उभे होते. ऊन कलतीला आलं होतं. मी विमलताईशेजारी पहिल्या रांगेत.

नाटक छान चाललं. आबांचा आवाज अजूनही शेवटच्या पाळण्यापर्यंत पोचत होता. वेढा पडला. शत्रूचे नगारे वाजले. शेवटच्या प्रवेशात बैराग्यानं दरवाजा उघडायचा आणि राजानं कोसळायचं. बैरागी झालेला दुकानदार विंगेत तयार होता. पण राजा त्याला खूण देईना. आबा दरवाज्यापाशी जाऊन उभे राहिले आणि गप्प झाले.

लोकांना वाटलं, विसरले. मास्तर विंगेतून वाक्य पुरवायला लागले. आबांनी हातानंच त्यांना थांबवलं. मग ते पुढं आले, आणि त्या नाटकाच्या आयुष्यात पहिल्यांदाच राजा अहिराणीत बोलला.

"दरवाजा कोनी उघाडा, इचारतस ना? मी उघाडा. आतमा पानी नव्हतं. गायी हंबरी ऱ्हायन्यात. मी गवळी शे, मन्या गायी मन्हा डोयासमोर कश्या मरू देऊ? मी दावं सोडं, दरवाजा उघाडा, आनि धामोडेवालास्ले हाक मारी, भाऊ, मन्या गायी सांभाळा!"

त्यांनी मागं, पटांगणाच्या कडेकडं हात केला.

"त्यास्नी सांभाळ्यात. एक बी गाय मरू दिनी नही."

टाळ्या पडल्या नाहीत. इतकी शांतता होती की पाळण्याचं कुरकुरणं ऐकू येत होतं. मग योगेशच्या वडिलांनी हाताची घडी सोडली आणि ते गर्दीतून वाट काढत पुढं यायला लागले. त्यांना वाट देण्यासाठी माणसं बाजूला सरकत गेली. ते रंगमंचावर चढले, राजाच्या पाया पडायला वाकले, आणि राजानं त्यांना वरच्या वर धरलं. बिचारा बैरागी तेवढा विंगेतच राहिला.

नंतर रंगपटात आबा तोंड पुसत बसले होते. मला राहवलं नाही. "आबा, हे मास्तरांचं नव्हतं. हे कुठून आणलंत?"

आबा म्हणाले, "मी धाकला व्हतू, अक्का. दुष्काळ पडना. आमना नाला आटना. मना बाप बठ्ठा ढोरं लई धामोडेमा गया. त्यास्ना डोहमा पानी व्हतं. पाऊस पडस तवलोंग त्यास्नीच सांभाळ्यात." त्यांनी पुन्हा तोंड पुसलं. "नाटकना नादमा मी इसरी गयतू. ते खरं शे."

मास्तर शेजारीच होते. म्हणाले, "भिला, हे आधी सांगितलं असतंस तर मला यमक शोधावं लागलं नसतं."

वर्षा आणि योगेशचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. दोन्ही गावांनी मिळून जेवणावळ घातली. नवऱ्याचा कोट रशीद मास्तरांनी स्वतः शिवला, मुलाला हात लावू दिला नाही. मंगलाष्टकं संपल्यावर कुणीतरी ओरडलं, "राजे, दोन शब्द!" आणि आबांनी माईक हातात घेतला तो स्वयंपाक गार होईपर्यंत सोडला नाही.

मला एकाच गोष्टीची चुटपुट आहे. त्या दुष्काळाची, त्या डोहाची, त्या ढोरांची हकीकत मी तेव्हाच बसून लिहून घ्यायला हवी होती. अजून दोन-चार म्हातारे होते. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता मी निवृत्त झाले, आणि ते एकेक करून गेले. उत्तरेच्या भिंतीवर गढीखेड्याच्या अजूनही त्या दोनच ओळी आहेत.

यंदा जत्रेला वर्षानं मला आग्रहानं बोलावलं. आता एक नवी पद्धत पडली आहे. जत्रेच्या सकाळी धामोडेवाले आपल्या गायी सजवून, शिंगं रंगवून, वाजतगाजत गढीच्या चौकटीपर्यंत आणतात आणि गढीखेड्याच्या बायका त्यांना ओवाळतात. मी चौकटीजवळ दगडावर बसून पाहत होते. शेजारी धामोड्याचे एक फेटेवाले नाना येऊन बसले. मला बाहेरची समजून त्यांनी विचारलं, "पहिल्यांदाच आल्या का ताई?"

मी नुसती हसले.

"हे फार जुनं आहे बरं," नाना गंभीरपणे म्हणाले. "गवळी राजाला वेढा पडला होता ना, तेव्हा त्यानं आपल्या गायी आमच्या पूर्वजांच्या हवाली केल्या. शेकडो वर्षांपासून आम्ही त्या अशा वाजतगाजत परत आणतो. माझ्या आजोबांचे आजोबा सांगायचे. तुम्हाला माहीत होती का ही गोष्ट?"

समोरून एक पांढरीशुभ्र गाय गळ्यातली घुंगरं वाजवत चौकटीतून आत गेली. मी पदर सावरून नीट बसले.

"नाही नाना," मी म्हटलं. "सांगा ना. अगदी सुरुवातीपासून सांगा."